पानावरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो

‘ऑर्किडच्या पानावर काळा डाग दिसला की बुरशीनाशक मारा, फरक नाही पडला तर मात्रा दुप्पट करा’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय.

डाग जिवाणूंचाही असू शकतो, नाहीतर उन्हाने करपल्याचा. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक जिवाणूंवर चालत नाही. मात्रा वाढवली तर उलट झाडालाच इजा व्हायची.

आधी डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. उन्हाचा चट्टा सहसा रेघ ओलांडत नाही. डाग पसरलाच, तर कडेचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधाळ धागा सुटला तर बहुधा जिवाणू. (पान पाणचट होऊन घाण वास येत असेल, तर ग्लासात बघायचीही गरज नाही, ते बहुधा जिवाणूच.) जिवाणू असतील तर पान निरोगी भागापर्यंत कापा, कात्री निर्जंतुक करा. तांबेयुक्त औषध थोडंफार चालतं, पण डेंड्रोबियम या ऑर्किडच्या प्रकाराला ते सोसत नाही.

बुरशीच निघाली तर लेबलवरचीच मात्रा, हातमोजे आणि मास्क घालून.