स्कागेनची निळी कातरवेळ

डॅनिश चित्रकार क्रोयरच्या या समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रात आधी त्या दोघींचे झगे नीट बघा. त्याची पत्नी मारी क्रोयर आणि चित्रकार आना आंकर पाठमोऱ्या, पाण्याच्या कडेकडेनं चालल्या आहेत. झगे पांढरे, हे पाहताक्षणी कळतं. पण बाकीचं चित्र झाकून नुसतं कापड पाहिलं, तर निखळ पांढरा रंग शोधावा लागतो; दिसतात त्या निळसर छटा.

पेडर सेव्हरिन क्रोयरनं ‘स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरची उन्हाळी संध्याकाळ’ १८९३ मध्ये रंगवली. जन्म नॉर्वेतला, वाढला कोपनहेगनमध्ये, पॅरिसला शिकला आणि १८८२ मध्ये डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन या कोळ्यांच्या गावी पोहोचला. चित्रकारांची वसाहत तिथे आधीच जमू लागली होती. माणसांची ठेवण, अंगकाठी तो वास्तववाद्याच्या काटेकोरपणे रेखाटतो. हवा आणि पाणी मात्र दृक्प्रत्ययवाद्यांसारखं (इम्प्रेशनिस्टांसारखं), प्रकाश दिसेल तसं.

हा निळा रंग कविकल्पना आहे असं पुष्कळांना वाटतं. मला तर तो चित्रातला सर्वांत वास्तववादी भाग वाटतो.

दिवसा आकाश निळं दिसतं, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. सूर्य मावळल्यावर मात्र हे कारण पुरत नाही. किरणांना हवेतून फार लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि वाटेतच त्यांतला निळा भाग गळत जातो. नुसत्या विखुरण्यावर भागलं असतं, तर डोक्यावरचं आकाश पिवळट-करडं झालं असतं. ते निळं राहतं ओझोनमुळे. त्याच लांब वाटेवर ओझोनचा थर नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो. ओझोनचं हे शोषण जेम्स शाप्वी या फ्रेंच रसायनज्ञानं १८८० च्या सुमारास नोंदवलं होतं, पण संधिप्रकाशाशी त्याचा हिशेब अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्टनं जुळवला तो १९५३ मध्ये. क्रोयरच्या चित्राला तोवर साठ वर्षं झाली होती!

स्कागेन सुमारे ५७.७ अंश उत्तरेला आहे. जूनअखेरीस तिथे सूर्य इतका तिरपा मावळतो, की क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. मुंबईत तेवढ्याच उतरणीला जेमतेम पंचवीस मिनिटं. स्कागेनला मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या नऊ अंशांपेक्षा खाली जात नाही. चित्रकाराला निळाई न्याहाळायला याहून जास्त सवड कुठे मिळणार?

त्यात आपल्या डोळ्यांचाही हात असतो. उजेड कमी झाला की दृष्टिपटलावरच्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींना तांबडं जवळजवळ दिसत नाही, निळं-हिरवं मात्र चांगलं जाणवतं. म्हणून तांबडी फुलं आधी काळवंडतात आणि निळी उजळ वाटत राहतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे टिपलं.

झग्यांची गोष्ट उरली. पांढरं कापड पडेल तो प्रकाश परत पाठवतं, आणि त्या वेळी त्यावर पडत असतं फक्त निळं आकाश. मेंदू ती निळाई वजा करून ‘पांढरं’ असं सांगतो. क्रोयरनं ती वजाबाकी केली नाही. आलेला प्रकाश तसाच कॅनव्हासवर ठेवला आणि वजाबाकी पाहणाऱ्याच्या मेंदूवर सोडली.