ना कॉलेज ना नोकरी, मग या पोरांना सांभाळतं कोण?

1988 मध्ये ब्रिटनमध्ये नियम बदलला आणि 16-17 वर्षांच्या बहुतेक मुलांना मिळणारा सरकारी भत्ता बंद झाला. आता भत्ताच नाही म्हटल्यावर ऑफिसात जाऊन नाव कोण नोंदवणार, आणि नाव नाही म्हणजे बेरोजगारांच्या आकड्यातही नाही, त्यामुळे शाळा सुटलेली पण काम न मिळालेली ही मुलं कागदावरून चक्क गायब झाली. वेल्समध्ये संशोधकांनी ती शोधायला घेतली तेव्हा त्यांच्यासाठी शब्द आला ‘स्टेटस झिरो’. वाचूनच कसंतरी होतं. पुढे 1999 च्या एका सरकारी रिपोर्टमधून ‘नीट’ हा शब्द रुळला. आपली मेडिकलची नीट नव्हे हां, ही नीट म्हणजे शिक्षणात नाही, नोकरीत नाही आणि ट्रेनिंगमध्येही नाही.

गोची अशी की हा शब्द ती मुलं काय करत नाहीत तेवढंच सांगतो, काय करतात ते नाही. कुणी दारोदार अर्ज करतंय, कुणी अर्ज करून करून थकून घरी बसलंय, कुणी आजारी आहे, कुणाच्या कडेवर तान्हं बाळ आहे, आणि आकड्यात हे सगळे एकच.

युरोपियन युनियनमध्ये 15 ते 29 वयातले साधारण 11 टक्के तरुण यात मोडतात (2024). नेदरलँड्समध्ये हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास, इटलीत 15 च्या वर आणि रोमानियात 19 च्याही वर. इटलीतली पोरं काय आळशी आहेत का? अजिबात नाही. तिथला मुख्य बेकारी भत्ता आधी नोकरी करून वर्गणी भरलेल्यांना मिळतो, त्यामुळे ज्याला पहिलीच नोकरी लागली नाही त्याचं नाव त्यात येतच नाही, मग सांभाळणार कोण तर आई-बाबा, कधी आजीची पेन्शन. म्हणून तिथे घर सोडायचं सरासरी वय 30 च्या आसपास आहे आणि डेन्मार्कमध्ये ते 22 च्या आतबाहेर. डेन्मार्कमध्ये 18 पूर्ण झाले की सरकार तुम्हाला स्वतंत्र माणूस म्हणून बघतं, पण मोकळंही सोडत नाही. 2014 पासून 30 च्या आतल्या, हातात कसलंही व्यावसायिक शिक्षण नसलेल्यांना मदत मिळायची ती जवळपास स्टुडंट ग्रँटएवढीच आणि अट अशी की लवकरात लवकर शिकायला लागा. मला ही पद्धत आवडते, फक्त जो मनाने खचलाय त्याला अशी अट उभं करते की अजून खाली ढकलते हा प्रश्न राहतोच, कारण जिथे एकूण टक्का कमी तिथे उरलेल्यांत आजारी आणि अपंग तरुणांचा वाटा मोठा दिसतो.

2013 मध्ये युरोपने ‘यूथ गॅरंटी’ आणली, म्हणजे शिक्षण सुटल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून 4 महिन्यांत नोकरी, शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनीशिपची ऑफर. कल्पना उत्तमच, पण ती सहसा पोचते नाव नोंदवणाऱ्यापर्यंत, आणि जो घराबाहेरच पडत नाही किंवा जिला मूल कुठे ठेवायचं हेच कळत नाही ते नोंदवायला येतच नाहीत, म्हणजे फिरून परत 1988 चीच गोष्ट. पाळणाघर स्वस्त आणि जवळ असेल तर यातल्या कितीतरी मुली बाहेर पडू शकतात, हे खरंतर रोजगार योजनेचंच काम आहे.

आणि आपल्याकडे? भारतात 2022 मध्ये तरुण मुलांमध्ये नीटचं प्रमाण 9.8 टक्के होतं आणि मुलींमध्ये 48.4 टक्के. जवळपास निम्म्या मुली! यातल्या बहुतेक जणी पहाटे उठून पाणी भरतात, स्वयंपाक करतात, सासूसासऱ्यांचं औषधपाणी बघतात, पोरं सांभाळतात आणि सर्व्हेवाला दारात आला की घरचेच सांगतात, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’