नावं बदलली म्हणून कादंबरी होत नाही: आत्मकथन आणि आत्मचरित्रात्मक कादंबरी

स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकांच्या मनोगतात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: ‘ही माझ्याच आयुष्याची कहाणी आहे, फक्त नावं बदलली आहेत, म्हणून हिला कादंबरी म्हणतो.’ हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं आणि तरी ते पुस्तकाचं नुकसान करतं. कादंबरी म्हणून हातात घेणारा वाचक आता पानोपानी ‘हे खरं की रचलेलं’ एवढंच शोधत बसतो. सत्यकथा म्हणून घेणाऱ्याला मात्र कशावर विश्वास ठेवावा तेच कळत नाही. प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचणारा संपादक हा घोळ पहिल्याच भेटीत निस्तरतो. स्वतंत्र लेखकापुढे हा प्रश्न बहुतेकदा पुस्तक विक्रीच्या संकेतस्थळावर चढवताना, वर्गवारीच्या चौकटीपाशी, प्रथमच उभा राहतो, आणि तोवर तीनशे पानं लिहून झालेली असतात.

आत्मकथन म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने 1975 मध्ये त्याची खूण नेमक्या शब्दांत पकडली: मुखपृष्ठावरचा लेखक, पानांतला निवेदक आणि ज्याचं आयुष्य सांगितलं जातंय ती व्यक्ती, तिघांचं नाव एकच. याला त्याने वाचकाशी केलेला करार म्हटलं. दया पवारांचं 1978 चं ‘बलुतं’ घ्या. त्यात दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसून बोलतात, मांडणी दोघांची आहे, पण दोन्ही नावं एकाच माणसाची असल्यामुळे करार मोडत नाही. उलट भालचंद्र नेमाड्यांच्या 1963 च्या ‘कोसला’त ‘मी’ म्हणून बोलतो तो पांडुरंग सांगवीकर. आडनाव लेखकाच्या जन्मगावावरून आलेलं दिसतं, तरी सांगवीकर म्हणजे नेमाडे नव्हेत. त्या पुस्तकाला ‘हे खरंच घडलं का’ असं विचारणं हा कादंबरी वाचण्याचा सर्वांत कोता प्रकार आहे.

बाकीचे फरक लोक उगाच मोठे करतात. प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, याने काही ठरत नाही. दोन्ही प्रकार दोन्ही पद्धतींनी लिहिले गेलेत. फोटो असले म्हणजे आत्मकथन, प्रकरणांना शीर्षकं असली म्हणजे कादंबरी, हेही नाही. सबंध आयुष्य सांगितलं तर आत्मचरित्र आणि एखादाच कालखंड सांगितला तर आठवणी, ही विभागणी सोयीची आहे, तिच्यावर अडून बसू नये.

अडतं ते एकाच ठिकाणी. आठवण जिथे संपते तिथे लेखक काय करतो?

एक प्रसंग जवळून पाहू. लेखिका नऊ वर्षांची असताना घरातलं शिवणयंत्र विकलं गेलं, असं धरून चाला. तिला नक्की आठवतं ते एवढं: दोन माणसं ते उचलून नेतात, लोखंडी पायटा दाराच्या चौकटीला घासतो, आणि नंतर जमिनीवर चार पायांचे चार फिकट चौकोन राहतात. तेलाचा वास दोन-तीन दिवस त्या कोपऱ्यात येत राहतो. आई काय बोलली ते आठवत नाही. वडील घरात होते की नव्हते, तेही नाही. महिना कोणता, पैसे किती आले, काही नाही.

आत्मकथन लिहायचं असेल तर ही पोकळी पोकळी म्हणूनच लिहावी लागते. ‘आई काय म्हणाली मला आठवत नाही. ताई म्हणते, ती काहीच बोलली नाही, स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती.’ पाहा, या तीन वाक्यांत आई दिसली, बहीण दिसली, आणि माहिती कुणाची आणि किती भरवशाची तेही वाचकाला कळलं. ‘आठवत नाही’ लिहिल्याने प्रसंग दुबळा होईल ही भीती निराधार आहे. उरलेलं सगळं खरं आहे याचा पुरावाच ते वाक्य देतं, कारण खोटं रचणाऱ्याला ‘आठवत नाही’ म्हणण्याची गरज पडत नाही.

त्या ऐवजी बहुतेक स्वप्रकाशित आत्मकथनांत आई अर्धं पान बोलते. नऊ वर्षांच्या मुलीला पस्तीस वर्षांनंतर आईची अकरा वाक्यं जशीच्या तशी आठवतात. हा आत्मकथनातला सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे, आणि त्याच्याबाबत सवलत देऊ नये असं माझं ठाम मत आहे. कानात राहिलेलं एखादं वाक्य अवतरणात द्यावं. बाकीचं बोलणं अप्रत्यक्ष करावं: ‘पुढच्या वर्षी नवीन घेऊ, असं काहीसं ती म्हणाली.’ ‘असं काहीसं’ हे दोनच शब्द, पण लेखिका आपल्या शब्दाला जागते ती त्यांच्यामुळे.

तोच प्रसंग कादंबरीत आला की नियम उलटतात. इथे ‘आठवत नाही’ म्हणून हात वर करता येत नाहीत. आई बोलली की गप्प राहिली हे लेखिकेनेच ठरवायचं, आणि त्या आईच्या स्वभावाला धरून ठरवायचं. यंत्र परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी विकलं जाईल, कारण मुलगी उद्या काय लिहील याच्याशी ते जोडायचं आहे. यंत्र नेणाऱ्या दोघांपैकी एक जण पुढे कथेत परत येणार असेल तर त्याला इथेच चेहरा द्यायचा. तीन मामांचा एक मामा करायचा. आणि चार फिकट चौकोन, जे शंभर टक्के खरे आहेत, कथेत काही काम करत नसतील तर तेही काढून टाकायचे. हे शेवटचं लोकांना सर्वांत जड जातं.

आत्मकथनात ‘हे घडलं’ एवढं कारण एखादा प्रसंग ठेवायला पुरतं. कादंबरीत ते कारणच नव्हे. हस्तलिखितावर कुणी ‘हा मृत्यू पटत नाही’ असा शेरा मारला की स्वानुभवावर लिहिणारा लेखक दुखावतो: ‘अहो, पण वडील खरंच असे गेले!’ गेले असतील. पण वाचकाने ते वडील पाहिलेले नाहीत. त्याच्या हातात फक्त आधीची दोनशे पानं आहेत. योगायोग, अचानक मृत्यू, अवचित मदतीला येणारा माणूस, आयुष्यात हे सर्रास होतं. कादंबरीत मात्र त्याची तयारी आधी करावी लागते, नाहीतर लेखकाने सुटका करून घेतली असं वाटतं. ज्याला एकही घटना हलवायची नाही, वगळायची नाही, त्याने कादंबरी लिहू नये. त्याचं पुस्तक आत्मकथन आहे, आणि तो काही दुय्यम प्रकार नाही.

उलट दिशेचा घोटाळा जास्त महागात पडतो. अमेरिकेत 2003 मध्ये जेम्स फ्रे यांचं व्यसनमुक्तीवरचं पुस्तक आत्मकथन म्हणून आलं आणि प्रचंड खपलं. जानेवारी 2006 मध्ये कागदपत्रांवरून उघड झालं की त्यात तुरुंगवासाचे जवळजवळ तीन महिने लिहिले होते आणि प्रत्यक्षात मामला काही तासांचा होता. प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. तीच पानं कादंबरी म्हणून आली असती तर हे घडलंच नसतं. दोष कल्पनेचा नव्हता, वाचकाला दिलेल्या शब्दाचा होता.

मग आत्मकथनात काहीच बदलायचं नाही का? बदलता येतं, पण सांगून. दुय्यम व्यक्तींची नावं, त्यांची गावं, ओळख पटेल असा व्यवसाय, हे बदला आणि सुरुवातीच्या पानावर एका वाक्यात तसं लिहा. दोन वर्षांतल्या चार भेटी एका भेटीत आणल्या असतील तर तेही लिहा. दोन माणसांचं एक पात्र करणं मात्र आत्मकथनात टाळावं. अनेक जण करतात, मला ते पटत नाही. वाचक त्या माणसाला जिवंत समजतो आणि तसा माणूस कधी नव्हताच.

आता नावं बदलण्याकडे. ‘नाव बदललं, आता कोण काय करणार’ ही समजूत 1934 मध्येच खोटी ठरली. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतीन या साधूवरच्या एका हॉलिवूडपटात नताशा नावाची राजकुमारी दाखवली होती. इरिना युसुपोव्ह या खऱ्या राजकुमारीने लंडनच्या कोर्टात दावा केला की प्रेक्षक त्या पात्राला मीच समजतात, आणि पात्रावर रास्पुतीनने अत्याचार केल्याचं दाखवलंय ते माझ्याबाबत धादांत खोटं आहे. नाव वेगळं होतं, तरी ज्युरीने तिला 25,000 पाउंडांची भरपाई दिली आणि वरच्या कोर्टातही निकाल टिकला. ‘सर्व पात्रं काल्पनिक आहेत’ ही ओळ चित्रपटांत सर्रास दिसू लागली ती याच प्रकरणानंतर.

यातला धडा नेमका आहे. ओळख नावाने पटत नाही, तपशिलांच्या जुळणीने पटते. पायाने अधू, तालमीचा शौकीन, दोन लग्नं झालेला मुख्याध्यापक: नाव काहीही ठेवा, गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. आणि सर्वांत वाईट मिश्रण म्हणजे ओळखीच्या सगळ्या खुणा खऱ्या ठेवून त्यांना रचलेली दुष्कृत्यं जोडणं. युसुपोव्ह प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. जुना हिशोब चुकता करायला लिहिलेल्या कादंबऱ्यांत ते हमखास होतं, आणि वाचकालाही तो राग लगेच कळतो.

काम असं करावं. खऱ्या माणसावरून घेतलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एका कागदावर त्याला ओळखणारा माणूस ज्या ज्या खुणांनी ओळखेल त्या लिहा: वय, धंदा, शरीराची खूण, बोलण्यातलं पालुपद, कुटुंबाची रचना, सर्वांना ठाऊक असलेली एखादी घटना. कथेला ज्यांच्यावाचून चालत नाही त्या ठेवा, साधारण एक किंवा दोन निघतात. बाकीच्या सगळ्या बदला, आणि पालुपद आधी बदला, कारण माणूस त्यानेच सर्वांत लवकर ओळखू येतो. पात्र बदलताना ते वागेलही वेगळं. वागू द्या. खऱ्या अर्थाने कादंबरी तिथून सुरू होते.

आपलं हस्तलिखित नक्की कोणत्या बाजूला आहे हे कळत नसेल तर ज्यांच्यावर पुस्तक वळतं असे दहा प्रसंग काढा. समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहा: स्वतःला आठवतं त्याला ‘आ’, दुसऱ्याकडून कळलं त्याला ‘क’, रचलं त्याला ‘र’. ‘र’ फक्त जोडवाक्यांत असेल तर ती वाक्यं काढा किंवा अंदाज म्हणून लिहा. पुस्तक आत्मकथन आहे. वळणाच्या वाक्यांवरच ‘र’ पडत असेल तर ती कादंबरी आहे, मग बाकी कितीही ‘आ’ असोत. टक्केवारी मोजू नका, जागा पाहा.

दोन्हींच्या मध्ये तिसरा पर्याय आहे, तो म्हणजे ऑटोफिक्शन. सर्ज दुब्रोव्स्की या फ्रेंच लेखकाने 1977 मध्ये हा शब्द वापरला: पात्राचं नाव लेखकाचंच, पण पुस्तकावर शिक्का कादंबरीचा. पहिल्या पुस्तकाला हा मार्ग धरू नये. वाचकाला अधांतरी ठेवण्यासाठी फार सराईत हात लागतो, आणि निर्णय टाळायला तो वापरला की लगेच दिसतं.

छपाईआधीच्या दोन गोष्टी. आलेली पत्रं तुमच्या कपाटात असली तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो. आत्मकथनात पूर्ण पत्र द्यायचं तर त्याची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर सारांश द्या. वर्गवारी निवडताना एकच बाजू धरा, आणि मलपृष्ठ, मनोगत, जाहिरात सगळीकडे तीच ठेवा. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ कादंबरीच्या मुखपृष्ठावर अजिबात नको. आत ‘सर्व पात्रं काल्पनिक’ आणि बाहेर ही ओळ, म्हणजे एका हाताने दिलेला शब्द दुसऱ्या हाताने परत घेणं.

आणि आत्मकथनाची कादंबरी करायचं ठरलं तर कॉम्प्युटरवर नाव शोधून बदलण्यावर भिस्त ठेवू नका. मराठीत विभक्ती लागली की नावाचं रूप बदलतं. ‘सीता’ शोधली तर ‘सीतेला’, ‘सीतेचं’, ‘सीतेनं’ तशीच राहतात. ‘सीत’ एवढंच शोधा आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी तपासा. ‘शांता’चं ‘शांत’ शोधाल तेव्हा शांत बसलेली सगळी माणसंही सापडतील, त्याला इलाज नाही. मग लाडाची नावं, पत्रांखालच्या सह्या, अर्पणपत्रिका आणि आभार पाहा. खरं नाव राहून जातं ते बहुधा आभारांच्या पानावर, आणि तिथे ते एकदा दिसलं की आतली सगळी पात्रं वाचक त्या यादीशी जुळवून पाहतो.