न्यूग्रेंजची पांढरी भिंत: पार्श्वभूमी

आयर्लंडच्या बहुतेक पोस्टकार्डांवर झळकणारी न्यूग्रेंजची पांढरीशुभ्र भिंत आज दिसते त्या रूपात 1970च्या दशकातली आहे. तिच्यामागचे टेकाड, म्हणजे पोटात भुयार आणि गाभारा असलेले प्राचीन थडगे, मात्र इ.स.पू. 3200च्या सुमाराचे. पर्यटक दोन्ही एकाच नजरेने पाहतो, आणि भिंत मुळात अशीच होती का, या वादाचे मूळ तिथेच आहे.

मधला काळ थोडक्यात. टेकाड ढासळले, तोंड बुजले. तरी जागेचा मान टिकला असावा, कारण बाहेर रोमन नाणी सापडली आहेत. 1699मध्ये रस्त्यासाठी दगड काढताना भुयाराचे तोंड उघडे पडले. 1882च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानंतर जागा सरकारी संरक्षणात आली. खरे उत्खनन झाले ते 1962 ते 1975 या काळात.

त्या वेळी दर्शनी बाजूला, पायाच्या कडेने लावलेल्या शिळांच्या पुढे (अशा शिळा एकूण 97) सहा-सात मीटरपर्यंत पांढऱ्या गारगोट्या आणि करड्या गोट्यांचा थर पसरलेला मिळाला. गारगोटी दक्षिणेच्या विक्लो डोंगरांतली, गोटे उत्तरेच्या किनाऱ्याकडचे. उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की ही कोसळलेली भिंत आहे. त्यांनी तशी भिंत रचून पाडूनही पाहिली, आणि दगड साधारण तसेच पसरले. मग जवळजवळ तीन मीटर उंचीची, जेमतेम कललेली भिंत उभी राहिली, पण पाठीमागे काँक्रीटचा आधार देऊन.

टीकाकार बोट ठेवतात ते या काँक्रीटवर. चुन्याशिवाय रचलेला गडगा इतका उभा असेल, तर मागच्या मातीदगडांचा रेटा त्याला पेलायचा नाही. म्हणून गारगोट्या मुळात प्रवेशासमोर जमिनीवरच अंथरल्या असाव्यात, असे दुसरे मत. शेजारच्या नाउथ या तशाच प्राचीन टेकाडापाशी त्या तशाच जमिनीवर ठेवल्या आहेत. दोन्ही ठिकाणे पाहिली की दुसऱ्या मताचे पारडे जड वाटू लागते. निदान ‘मूळ रूप’ हा शब्द या भिंतीला लावताना जपून लावावा.

प्रवेशाजवळची आत वळलेली काळसर दगडांची बाजू तर उघडच आधुनिक सोय आहे. भुयारासमोर चक्राकार नक्षीची शिळा आडवी पडली आहे. पूर्वी तिच्यावरून चढून आत जावे लागे. पायऱ्यांना जागा हवी म्हणून भिंत मागे घेतली. भुयाराच्या आत कललेल्या शिळाही सरळ केलेल्या आहेत. तरी वाट अरुंदच आहे. काही जागी अंग चोरून, वाकून जावे लागते, आणि पाठीवरची पिशवी आत नेता येत नाही. गाभाऱ्याचे सहा मीटर उंच छत मात्र जुनेच: प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढून रचलेले.

दरवाजावरच्या झरोक्याबद्दलही शंका काढली गेली आहे, पण त्यावरची नक्षीदार शिळा उत्खननाच्या कितीतरी आधीपासून दिसत होती. 19 मीटरचे भुयार आत जाता जाता सुमारे दोन मीटर चढते, त्यामुळे गाभाऱ्याची जमीन झरोक्याच्या पातळीला येते. 21 डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण दरवाजातून नव्हे, या झरोक्यातून गाभाऱ्यात पोचतो. आधुनिक काळात हे प्रथम 1967मध्ये पाहिले गेले.

1993मध्ये परिसर जागतिक वारसा यादीत आला आणि गर्दीचा प्रश्न वाढला. 1997पासून प्रवेश बॉइन नदीच्या दक्षिणेकडील केंद्रातूनच. तिथून पादचारी पूल ओलांडून बसने जायचे. मोबाइलच्या नकाशावर नुसते ‘न्यूग्रेंज’ टाकले तर गाडी थेट स्मारकाच्या फाटकाशी, म्हणजे उत्तर काठावर नेते. तिथे तिकीट मिळत नाही, उलट फिरावे लागते. उन्हाळ्यात तिकीट आधीच ऑनलाइन काढावे आणि त्यात गाभारा समाविष्ट आहे ना, हे तपासावे. नाउथच्या भुयारात आत सोडत नाहीत.

डिसेंबरच्या सकाळांसाठी सोडत काढतात. नंबर लागला तरी आभाळ भरून आले तर किरण येत नाही. बाकी वर्षभर वाटाड्या दिवे मालवून विजेच्या दिव्याने तोच किरण दाखवतो.