विमानाचे मैल: खाते कसे उघडायचे, कागद कोणते लागतात आणि मैल खर्च कधी करायचे

गोव्यात पेडणे, म्हापसा, डिचोली, कुठेही बघा, घरटी एखादा तरी बोटीवर, आखातात नाहीतर युरोपात असतो. वर्षाला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. तिकीट एजंट काढतो आणि मैलांच्या रकान्यात कोणी काही भरत नाही. मैल म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी सभासदाच्या खात्यात जमा करते ते गुण, पुढे त्यांवर तिकीट काढता येते. माझा मावसभाऊ बोटीवर असताना चार वर्षांत किती वेळा आला-गेला, हे आम्ही पासपोर्टवरचे शिक्के मोजून काढले. फेऱ्या भरल्या नऊ. खात्यात मैल शून्य, कारण खातेच नव्हते.

खाते फुकट असते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर दहा मिनिटांत उघडते. वय दोन वर्षे पूर्ण असले की साधारणपणे कोणीही सभासद होऊ शकतो, मुलांचे खाते पालकांनी उघडायचे. भारतीय पासपोर्ट असो की पोर्तुगीज, त्याने फरक पडत नाही. एका माणसाचे एका कंपनीत एकच खाते. चुकून दोन झाली असतील तर ग्राहक सेवेला लिहून ती एकत्र करून घ्यावीत.

नाव: सगळी भानगड इथेच

खाते उघडताना सहसा कोणताही कागद मागत नाहीत. नाव, जन्मतारीख, ईमेल आणि मोबाइल एवढ्यावर काम होते. म्हणूनच लोक घाईत चुकीचे नाव भरतात आणि पुढे अडकतात.

पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकांचे स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते. तिकिटावर ते आडनाव, तिरकी रेघ आणि मग दोन्ही नावे मध्ये जागा न सोडता सलग असे छापून येते. खात्यात तुम्ही नुसते नाव आणि आडनाव भरलेत, तर संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. आपल्याकडे त्यात आडनावांच्या स्पेलिंगची भर. गावकर रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहितात. जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे ‘पोरोब’ असते आणि पासपोर्टवर ‘परब’. नियम सोपा ठेवा: ज्या पासपोर्टवर प्रवास करता, त्यावरचे नाव अक्षर न अक्षर तसेच खात्यात. आधारवर काय आहे ते इथे बघू नका.

नाव नंतर बदलायचे असेल तर मात्र कागद लागतात. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत द्यावी लागते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडचा विवाहाचा दाखला किंवा नवा पासपोर्ट. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल होती, त्यामुळे आई-काकूंच्या कागदांवर दोन पूर्ण वेगळी नावे सापडतात. अशा वेळी नाव बदलल्याचा दाखला सोबत जोडा, नाहीतर नुसता पत्रव्यवहार चालू राहतो.

खाते कुठे उघडायचे

प्रत्येक कंपनीत एकेक खाते उघडून सगळीकडे चिमूटभर मैल ठेवण्यात अर्थ नाही. विमान कंपन्यांचे गट आहेत आणि गटातल्या एका कंपनीच्या प्रवासाचे मैल दुसरीच्या खात्यात घेता येतात. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे तिच्या विमानाने केलेल्या प्रवासाचे मैल सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यातही जाऊ शकतात. गोवेकरांच्या जास्त कामाची गोष्ट दुसरी आहे. कतार एअरवेज वनवर्ल्ड गटात आहे आणि 2025 मध्ये ओमान एअरही त्याच गटात आली. म्हणजे एकदा दोहामार्गे आणि एकदा मस्कतमार्गे जाणाऱ्याला दोन्हींचे मैल एकाच खात्यात साठवता येतात. एमिरेट्स आणि एतिहाद कोणत्याच गटात नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

स्वस्त तिकिटावर मैल कमी मिळतात, कधी अजिबात मिळत नाहीत. ते तिकिटावरच्या भाडेवर्गाच्या एका अक्षरावर ठरते. खलाशांच्या सवलतीच्या तिकिटांचा वर्ग वेगळा असू शकतो, म्हणून एजंटला ते अक्षर विचारा आणि कंपनीच्या तक्त्यात बघा.

राहून गेलेले मैल मागण्याचा अर्ज

सभासद क्रमांक तिकीट काढतानाच द्यावा. राहिला तर चेक-इनच्या काउंटरवर सांगावा. तेही राहिले तर प्रवासानंतर खात्यात लॉग-इन करून राहिलेल्या मैलांचा अर्ज भरता येतो. एमिरेट्स आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. खाते उघडण्याआधीच्या प्रवासाचे मैल बहुधा मिळत नाहीत, मावसभावाच्या नऊ फेऱ्या गेल्या त्या गेल्याच.

अर्जाला दोन गोष्टी लागतात: ई-तिकीट आणि बोर्डिंग पास. ई-तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे. एअर इंडियाचे 098, कतारचे 157, एमिरेट्सचे 176. सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा संकेत, तो हा क्रमांक नव्हे. अर्ज परत येण्याचे हे एक नेहमीचे कारण. बोर्डिंग पासचा कागद गुळगुळीत, उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो. आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेला पास पावसाळा संपेपर्यंत कोरा कागद होतो. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलवरचा पास असेल तर स्क्रीनशॉट, कारण प्रवास झाला की तो अ‍ॅपमधून नाहीसा होऊ शकतो.

एका मैलाचे किती पैसे

समजा एका तिकिटाचा भाव 24,000 रुपये आहे. तेच तिकीट 20,000 मैल आणि कर-अधिभाराचे 6,500 रुपये देऊन मिळते. 24,000 मधून 6,500 वजा केले, उरले 17,500. भागिले 20,000. एका मैलाचे साडेसत्त्याऐंशी पैसे आले. त्याच मैलांत कंपनीच्या दुकानातून मिक्सर घेतला आणि मैलाला पंचवीस पैसे पडले, तर तुम्ही मिक्सर साडेतीन पट भावाने घेतलात. भेटकार्डे आणि वस्तू यांत मैल घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. लांबच्या प्रवासात, वरच्या वर्गात किंवा ऐन गर्दीच्या दिवसांत मैलाला भाव येतो. चवथीला घरी पोचायचे आहे आणि रोखीचे भाडे दुप्पट झाले आहे, अशा वेळी मैलांची जागा मिळाली तर सोडू नका. मात्र अशा जागा मोजक्याच असतात आणि काही कंपन्यांत भाड्याबरोबर लागणारे मैलही वाढतात. म्हणून तारीख ठरताच शोधायला लागावे.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट मैलांत बदलता येतात, पण बदलले की परत येत नाहीत. आधी जागा शिल्लक आहे का ते बघा, दर आणि शुल्क तपासा, मगच बटण दाबा. पॉइंट जमा व्हायला कधी मिनिटे लागतात, कधी दिवस, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते.

साठवून ठेवण्याचा मोह होतो. एमिरेट्सचे मैल तीन वर्षांनी, तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपतात. सिंगापूरचेही तीन वर्षांनी. आणि कंपनीच बंद पडली तर? किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये.

घरच्यांसाठी मैल वापरायचे तर नियम बघा. सिंगापूर एअरलाइन्सकडे आधी नामनिर्देशित व्यक्ती नोंदवाव्या लागतात, पाचपर्यंत. एमिरेट्सच्या कुटुंब खात्यात घरातले मैल एकत्र करता येतात. नाते दाखवायची वेळ आली तर जन्मदाखला किंवा विवाहाचा दाखला हाताशी ठेवा.

सभासदाचे निधन झाले तर? गोव्यात माणूस गेला की बागायतीपासून लॉकरमधल्या पाटल्यांपर्यंत सगळे इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या यादीत, येते. मैल येत नाहीत. ते सभासदाची मालमत्ता नाहीत, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. काही कंपन्या मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि वारसाचा अर्ज पाहून मैल वळते करतात. त्यासाठी आधी घरच्यांना सभासद क्रमांक माहीत हवा. मी माझा रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, वीजबिलाच्या मागे लिहून ठेवला आहे.