हसण्याचे तुकडे

माझी भाची इंग्रजीचा पेपर होता म्हणून शब्द पाठ करत बसली होती. तिच्या गाईडात गिगल, चकल, टिटर, स्निगर, गफॉ असे शब्द एका ओळीत होते आणि पुढे सगळ्यांचा मिळून एकच अर्थ दिला होता: हसणे. "मावशी, यातला कुठलाही लिहिला तर चालेल ना?" चालणार नाही, असं मी जरा जोरातच म्हणाले. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हसताना छाती, घसा, नाक आणि तोंड नेमकं काय करतात, याच्या त्या कानांनी केलेल्या नोंदी आहेत.

आधी हसण्याची क्रिया समजून घेऊ. बोलताना आपण एकाच उच्छ्वासावर अख्खं वाक्य तोलून धरतो. हसताना तोच उच्छ्वास तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो. छातीचे स्नायू आणि श्वासपटल झटके देतात, स्वरतंतू क्षणभर जवळ येऊन थरथरतात, दूर होतात, पुन्हा जवळ येतात. जवळ आले की सूर, दूर झाले की नुसती हवा, म्हणजे 'ह'. म्हणून हा-हा-हा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी ध्वनिमुद्रित हसण्याचे आलेख काढले. त्यांत प्रत्येक 'हा' सुमारे ७५ मिलिसेकंदांचा निघाला, आणि एका 'हा'च्या आरंभापासून पुढच्या 'हा'च्या आरंभापर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण पाच 'हा'. चिंपांझीला गुदगुल्या केल्या तर तोही हसतो, पण बहुधा धापा टाकल्यासारखा: श्वास आत घेताना एक आवाज, सोडताना एक.

आता ही लय शब्दांत कशी उतरली ते पाहा. इंग्रजीत एखादी क्रिया बारीकबारीक आणि पुन्हापुन्हा घडते हे दाखवायला शब्दाच्या शेवटी 'ल' किंवा 'अर' लावायची जुनी रीत आहे. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी, 'स्पार्कल' म्हणजे चमचमणं. गिगल आणि चकल यांच्या शेवटी तोच 'ल' ऐकू येतो, टिटर आणि स्निगरमध्ये तोच 'अर'. मराठीत हे काम आपण शब्द दुणावून करतो: खोखो, फिदीफिदी, खीखी. रीत वेगळी, पण दोन्ही भाषांनी पकडलं ते उच्छ्वासाचं तुटणंच. 'गफॉ'ला मात्र असं शेपूट नाही. तो तोंड उघडून एकदम फुटलेला गडगडाट आहे, आणि शब्दही शेवटी तोंड उघडंच ठेवतो.

इथे थोडं खोलात जाते, कारण मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. आवाजाला एक स्रोत असतो, स्वरतंतू, आणि एक गाळणी असते, घशापासून ओठांपर्यंतची पोकळी. सूर उंच की खालचा हे स्रोत ठरवतो. 'इ' की 'उ' हे गाळणी ठरवते, म्हणजे जीभ आणि ओठ. २००१ साली जो-अ‍ॅन बाखोरोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ जणांचं हजाराहून अधिक वेळा हसणं तपासलं, तेव्हा हसताना ही गाळणी जवळजवळ स्वस्थ बसलेली आढळली. 'हीही' आणि 'होहो' असे ठसठशीत स्वर फारसे नव्हतेच. फरक होता तो स्रोतात. मग 'गिगल'मध्ये 'इ' आणि 'चकल'मध्ये दबका 'अ' का? मला वाटतं, सूर लिहून दाखवायची सोय शब्दाजवळ नसते, म्हणून स्रोतातला फरक तो गाळणीच्या भाषेत सांगतो. बारीक, उंच सुराला 'इ', मिटल्या तोंडातल्या खालच्या सुराला 'अ'. आपलं 'खीखी' आणि 'खोखो' हेच करतं.

त्याच अभ्यासात हसण्याचे ढोबळ प्रकार दिसले: सुरेल, घशातून नुसती हवा सोडणारं, आणि नाकातून फुसफुसणारं. तिसऱ्यासाठी इंग्रजीत 'स्निगर' फार पूर्वीपासून आहे. 'स्न'ने सुरू होणारे शब्द आठवा: स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे जनावराचं लांब नाक. स्निगर म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून दाबून हसणं, हे शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्यांना सुरेल हसणं बिनसुराच्या हसण्यापेक्षा जास्त आवडतं, हेही याच संशोधकांनी दाखवलं. त्याच्याशी या शब्दाला चिकटलेल्या तुच्छतेचा मेळ बसतो.

'स्माइल', 'स्मर्क' आणि 'ग्रिन' यांत आवाज नाही, ते चेहऱ्याचे शब्द. एवढंच सांगते की 'ग्रिन'चा जुना अर्थ वेदनेनं किंवा रागानं दात विचकणं असा होता.

हास्यक्लबांबद्दलही बोलायला हवं. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली ही चळवळ जगभर गेली. सकाळी बागेत चार माणसं भेटतात, हातपाय हलतात, हे चांगलंच. पण 'खोटं हसणं आणि खरं हसणं शरीराला सारखंच' हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. ठरवून हसणं आणि आपोआप येणारं हसणं यांचे मेंदूतले मार्ग वेगळे आहेत. पक्षाघातानंतर काहींना सांगून दोन्ही बाजूंनी हसता येत नाही, पण विनोद ऐकला की चेहरा नीट फुलतो. आणि हसून कर्करोग बरा होतो असे जे निरोप फिरतात, त्यांच्या भरवशावर कुणी उपचार लांबवू नयेत.

भाचीच्या यादीत शेवटी 'चॉर्टल' होता. हा शब्द लुईस कॅरोल यांनी घडवला, १८७१ साली छापलेल्या कवितेसाठी. 'चकल' आणि नाकातून फुसकारणारा 'स्नॉर्ट' यांची ती सांधणी मानली जाते. याला मराठीत काय म्हणायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी तिनं वहीत लिहिलं: 'खुदकन आलेलं, पण नाकातून निसटलेलं हसू.'