कुर्लीचे डेंगे आणि कोंबडीचे पाय

कुडाळजवळच्या एका वाडीत माझा मावसभाऊ ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. कोकणातले बरेच शेडवाले आता कंपनीशी करार करतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि राबणं आपलं. याला ते बंधन नको होतं. मका आणि सोयापेंड आणायची, वर मिनरल मिक्श्चर (क्षारांची पुडी) घालायचं आणि मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) फावड्याने खाद्य मिसळायचं, असा त्याचा कारभार. 500 पक्ष्यांची बॅच, फार मोठा पसारा नाही.

जुलैत गेलो तेव्हा बॅच 18 दिवसांची होती. त्याने एक पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं. छाती भरलेली, डोळे लकलकीत, पण उजवा पाय मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेला. (आपण ज्याला कोंबडीचा गुडघा समजतो ती खरं तर तिची टाच. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.) त्या सांध्याच्या मागून अंगठा फिरवला, तर एरवी मधल्या खाचेत बसणारी दोरीसारखी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी) कडेला घसरलेली लागली. दाबून जागेवर सरकवली. बोट काढताच पुन्हा टुपकन बाजूला. अशी पंधरा-वीस पिल्लं त्याने वेगळी काढून ठेवली होती.

"मिया मिनरल दुप्पट घातलंय रे, तरी पाय वाकडेच कशे?" त्याचा सवाल.

शीर घसरण्याच्या या व्याधीला पेरोसिस म्हणतात. तिची जुनी कथा या सवालाशी अगदी जुळते. अमेरिकेत पिल्लं अंगणातून उचलून बंदिस्त जागी, जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवायला लागले तेव्हा ती फोफावली. कुणी जाळीला दोष दिला, कुणी कोंडमाऱ्याला. गंमत म्हणजे हाडांची भुकटी जितकी जास्त खाऊ घालावी तितकी लंगडी पिल्लं वाढत. अखेर 1936 साली कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी दाखवून दिलं की कमतरता आहे ती मॅंगनीजची. वाढत्या हाडाच्या टोकाला आधी कूर्चा तयार होते, मग तिचं हाड बनतं. त्या कूर्चेला आकार देणारे लांबलचक साखरेचे धागे विणणाऱ्या एन्झाइमांना मॅंगनीज लागतं. ते नसेल तर हाड आखूड आणि जाड राहतं, सांध्यावरची खाच उथळ पडते आणि शिरेला बसायला जागाच उरत नाही. एवढ्या मोठ्या पंचाइतीला किती मॅंगनीज लागत होतं? किलोभर खाद्यात 60 मिलिग्रॅम.

हा आकडा अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1994 साली ब्रॉयलरसाठी दिलेल्या तक्त्यातला. त्याच तक्त्यात जस्त 40 मिलिग्रॅम, तांबं 8, आयोडीन 0.35 आणि सेलेनियम 0.15. आजचे पक्षी त्यापेक्षा झपाट्याने वाढतात, म्हणून कंपन्या मॅंगनीज आणि जस्त 100 च्या घरात नेऊन ठेवतात. तरीही एकूण माल किती? पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोचा होईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. त्यात 60 च्या हिशोबाने त्याच्या जन्मभराचं मॅंगनीज झालं 210 मिलिग्रॅम, म्हणजे आमटीत टाकतो त्या चिमूटभर मिठाहून कमी. सेलेनियम तर अर्धा मिलिग्रॅम, मोहरीच्या एका दाण्याचंही वजन याहून जास्त भरेल.

मग आमच्या आजीच्या गावठी कोंबड्यांना हे कोण घालत होतं? कुणीच नाही, त्या स्वतः शोधून खात. खळ्यातला भाताचा कोंडा, वाळवी, मातीतले किडे, उकिरड्यावरचे माशांचे काटे. भाताच्या कोंड्यात किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर मॅंगनीज असतं. मक्यात जेमतेम 7. शिवाय गावठी कोंबडीला दीड किलोचं व्हायला पाच-सहा महिने असतात, घाई नसते. ब्रॉयलरला ना उकरायला माती, ना वेळ. त्याच्यासमोर मका आणि सोयापेंड यांचं मिश्रण. दोन्ही मिळून मॅंगनीज पडतं पंधरा-वीस मिलिग्रॅम. बाकीचं पुडीतून द्यावंच लागतं. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असं म्हणणाऱ्यांनी एवढा हिशोब करून पाहावा.

पण मावसभावाने तर दुप्पट घातलं होतं. अडचण पुढे आहे, खाद्यातून रक्तात जाण्याच्या वाटेवर.

मका आणि सोयाबीन ही बियाणं आहेत. बी आपला फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं, एकूण फॉस्फरसचा जवळपास दोन तृतीयांश. हा रेणू म्हणजे सहा कार्बनचं एक कडं आणि त्या प्रत्येकाला एकेक फॉस्फेटचा हात. कोंबडीच्या आतड्यात हे हात जस्ताचा किंवा मॅंगनीजचा अणू दिसला की आवळून धरतात. ज्याने कधी जिवंत कुर्ली (खेकडा) पकडायच्या नादात बोट तिच्या डेंग्यात (नांगीत) दिलं असेल, त्याला ही पकड समजावून सांगायला नको. आणि ही उपमा माझी एकट्याची नाही. धातूला असं दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या संयुगांना चिलेट म्हणतात. 1920 साली मॉर्गन आणि ड्र्यू या रसायनज्ञांनी हे नाव ठेवलं तेच शेवंड-कुर्ल्यांच्या डेंग्याच्या ग्रीक शब्दावरून.

फायटिक आम्लाची कुर्ली एकटी असते तोवर निभतं. तिच्या जोडीला भरपूर कॅल्शियम आलं की तिघांचा मिळून न विरघळणारा गोळा होतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. यात जस्ताचं नुकसान सर्वांत जास्त. मॅंगनीजची वाट दुसऱ्या तऱ्हेने अडते: कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त झाले की त्यांचा आतड्यात साका बसतो आणि तो साका मॅंगनीजला स्वतःला चिकटवून घेऊन जातो. कॅल्शियम-फॉस्फेटने भरलेल्या हाडांच्या भुकटीने पिल्लं का लंगडत होती, ते इथे उलगडतं.

मी मांगरात डोकावलो. कोपऱ्यात शिंपल्यांच्या चुऱ्याची अर्धी गोण होती.

"हाडां मजबूत होतली म्हणान," तो म्हणाला. किनाऱ्यावरून फुकटात येतात, कुटायला घरची माणसं आहेत. किती घालतोस विचारलं, तर शेजारच्या अंड्यांच्या कोंबडीवाल्याकडे बघून तो तेवढंच घालत होता. अंडं देणाऱ्या कोंबडीला रोज कवच घडवायचं असतं, तिच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं. मांसाच्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. म्हणजे मॅंगनीज दुप्पट आणि त्याला अडवणारं शिंपल्यांतलं कॅल्शियम त्याहून कितीतरी जास्त.

दुसरा घोळ पुडीतच सापडला. मिनरल मिक्श्चरची पिशवी उघडी, जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकवलेली. हात घातला तर बोटांना आवळ्याएवढे खडे लागले. त्यातली क्षारं बहुधा सल्फेट असतात आणि सल्फेट हवेतलं पाणी ओढतात. कोकणातल्या जुलैत त्यांनी दुसरं काय करावं? खडा ज्या भांड्यात पडला त्यातल्या पक्ष्यांना भरमसाट, बाकीच्यांना ठणठणाट. शिवाय दमट पुडीत तांबं आणि लोह शेजारच्या जीवनसत्त्वांना जाळून टाकतात. म्हणून जाणकार दोन्ही पुड्या वेगळ्या, फळीवर, तोंड बांधून ठेवतात. मिसळतानाही सगळं एकदम ओतायचं नसतं. हिंग आपण आधी थोड्या पाण्यात विरघळवतो ना, तसं मिक्श्चर आधी पाच-दहा किलो मक्याच्या भरड्यात मिसळायचं, मग तो भरडा उरलेल्या खाद्यात.

फायटिक कुर्लीचे डेंगे तोडायची युक्तीही निघाली आहे. 1991 पासून फायटेज नावाचं एन्झाइम खाद्यात घालायला बाजारात मिळतं. ते फॉस्फेटचे हात एकेक करून छाटतं, त्यामुळे फॉस्फरसही मिळतो आणि धातूही सुटतात. दुसरी युक्ती जास्त गमतीची: धातूला आधीच एका भल्या कुर्लीच्या हवाली करायचं. मेथिओनिन, ग्लायसिन अशा अमिनो आम्लांनी धरलेलं जस्त किंवा मॅंगनीज खाऊ घालायचं. इथे पकड बेताची हवी. सैल असेल तर पेट्यातल्या (कोंबडीच्या जठरातल्या) आम्लातच सुटते आणि फायटिक आम्ल टपलेलंच असतं. फार घट्ट असेल तर आतड्याच्या भिंतीशी पोचूनही ती धातू सोडत नाही. जाहिरातीत 'ऑरगॅनिक मिनरल' लिहिलेलं म्हणजे हे. (सेंद्रिय शेतीशी त्याचा काडीचा संबंध नाही.) बऱ्याच चाचण्यांत हे निम्म्या मात्रेतही वाढ टिकवून धरतात आणि विष्ठेतून बाहेर पडणारा धातू कमी होतो. पण ते सल्फेटपेक्षा महाग पडतात, आणि काही चाचण्यांत साध्या सल्फेटची मात्रा कमी करूनही पक्ष्यांचं काही अडलं नाही. खाद्य नीट मिसळलेलं नसेल तर महागडी पुडी घेणं म्हणजे गळक्या कळशीत मिनरल वॉटर भरणं.

दुप्पट घालण्यात तोटा काय, हा प्रश्न त्याने विचारलाच. सेलेनियमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: किलोमागे 0.3 मिलिग्रॅम औषध, 5 च्या पुढे विष. तांब्याचं उत्तर त्याच्या घरामागेच होतं. पोफळीच्या बागेत कोळेरोगावर तो दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतो, त्यातला निळा मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. मिनरल मिक्श्चरमधलं तांबंही बहुधा त्याच मोरचुदाचं. मोठ्या मात्रेत ते आतड्यातले जंतू मारतं, म्हणून काही जण वाढीसाठी 125 मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त घालतात. अति झालं तर पेट्याच्या आतलं अस्तर झिजतं. आणि पक्षी त्यातलं ठेवून घेतो फारच थोडं, बाकीचं विष्ठेतून शेडमध्ये अंथरलेल्या तुसात. बॅच निघाली की ते तूस पोफळीच्या आळ्यात. म्हणजे झाडाला तांबं वरून फवाऱ्यातून आणि खालून खतातून, आणि तांबं काही कुजून संपत नाही. युरोपीय संघाने कोंबडीखाद्यात तांब्याला किलोमागे 25 आणि जस्ताला 120 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामागे जमिनीची ही काळजीही आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला तेव्हाच सांगून ठेवली. वाकडा पाय म्हणजे मॅंगनीजच, असं नसतं. कोलीन, बायोटिन ही पोषकद्रव्यं कमी पडली तरी शीर घसरते. काही विषाणूही सांधे धरतात. शिवाय त्याने पहिले काही दिवस तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. पशुवैद्यांना बोलाव म्हटलं. त्यांनी दोन-तीन पिल्लं उघडून पाहिली, शिंपल्यांचा चुरा बंद करायला सांगितलं आणि वर्तमानपत्राऐवजी खरबरीत कागद.

दिवाळीनंतरच्या बॅचला 500 मध्ये चार पिल्लं लंगडी निघाली. शिंपले बंद केले म्हणून, असं मावसभाऊ सगळ्या वाडीला सांगत फिरतो. वहिनी म्हणते, पेपर काढला म्हणून. दोन्ही बदल एकाच दिवशी झाले, तेव्हा फोनवर दोघांनी मला विचारलं तरी मी गप्प असतो. शिंपल्यांची अर्धी गोण आता अंड्यांच्या कोंबडीवाल्याकडे गेली आहे, बदल्यात महिन्याला दोन डझन अंडी.